आधी टिकास, मग हुरूप

बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेड म्हटलं की कुणालाही जिजाऊंचं सिंदखेडराजाच आठवतं. मोताळा तालुक्यातलं सिंदखेड त्या मानाने अनोळखी. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सत्यमेव जयते वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेचा निकाल लागला, तेव्हा हे दुसरं सिंदखेड राज्याला कळलं. पहिला क्रमांक साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या टाकेवाडीचा आला. दुसरा क्रमांक माणमधलीच भांडवली आणि मोताळ्याचं सिंदखेड यांच्यात विभागून दिला गेला. सिंदखेडच्या वाट्याला पंचवीस लाखांचं बक्षीस आलं.

बातम्या बक्षिसाच्या झाल्या, ते साहजिकच आहे. पण रोज सकाळी मोबाइलवर 'आजचा सुविचार' वाचून अंगात बळ आणू पाहणाऱ्यांनी या स्पर्धेकडे वेगळ्या कारणासाठी पाहायला हवं. ८ एप्रिल ते २२ मे, असे पंचेचाळीस दिवस. वऱ्हाडातलं ऊन या काळात बेचाळीस-त्रेचाळीसच्या खाली यायला तयार नसतं. मजुरी नाही, हातात टिकास आणि समोर मुरमाड उतार. पहिल्या दिवशी फोटो काढायला सगळेच येतात. पंधराव्या, सव्विसाव्या, चाळिसाव्या दिवशी माणसं अंथरुणातून उठून तिथे कशी जातात?

मोताळा हे मलकापूर आणि बुलडाणा यांच्या मधलं गाव. मलकापूरकडून आलं की मोताळ्यापर्यंत रस्ता सरळ आहे, पुढे राजूर घाट चढून बुलडाणा गाठायचं. अजिंठ्याच्या डोंगररांगा तालुक्याला बिलगून आहेत. खाली कपाशी, सोयाबीन, मका, तूर. नळगंगेचं धरण याच तालुक्यात आहे, पण धरणाचं पाणी कालव्याच्या वाटेने खाली जातं. डोंगराच्या पायथ्याची गावं मात्र उन्हाळा लागला की विहिरीचा तळ पाहतात. धरण उशाला अन् कोरड घशाला, ही म्हण इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पाऊस पडतो, उतारावरून मातीसकट धावत सुटतो आणि पुढच्या गावाला जातो. त्याला वाटेत थोपवायचं, एवढंच खरं काम.

पाणी फाउंडेशनने २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांपासून ही स्पर्धा सुरू केली. २०१८ पर्यंत ती ७५ तालुक्यांत आणि चार हजारांहून जास्त गावांत पोहोचली होती. भाग घेणाऱ्या गावाने आधी आपली काही माणसं, त्यांत बायाही, प्रशिक्षणाला धाडायची. त्यांनी तिथे पाणलोटाचं शास्त्र शिकायचं आणि परत येऊन गावाला शिकवायचं. 'माथा ते पायथा' हा त्यातला पहिला धडा. काम डोंगराच्या माथ्यापासून सुरू करत खाली यायचं. वरचं सोडून खालच्या नाल्यात बांध घातला, तर पहिल्याच पावसात तो गाळाने भरून निघतो.

समतल चर खणण्याचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. आधी उतारावर समान उंचीची रेघ शोधावी लागते, आणि ती नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. दोन काठ्यांना बांधलेली पारदर्शक नळी पाण्याने भरतात. एक जण एका काठीजवळ, दुसरा दहा-पंधरा पावलांवर. दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर स्थिरावलं की त्या दोन जागा एका उंचीवर आहेत हे नक्की. मग फक्कीची खूण करून पुढे सरकायचं. खुणा जोडत गेलं की डोंगराच्या अंगावर वळणावळणाची पांढरी रेघ उमटते. त्या रेघेवर दोन फूट रुंद आणि फूटभर खोल चर खणायचा. निघालेली माती उताराच्या बाजूला लावायची, म्हणजे तिचा बांध होतो. रेघ हातभर चुकली, तर पाणी चरात थांबत नाही; एका टोकाला धावतं आणि चर फोडून बाहेर पडतं.

आता हिशेब करून पाहा. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरमध्ये एकशे ऐंशी लिटर पाणी मावतं. दहा मीटर चर म्हणजे अठराशे लिटर, तेही एकदा भरला तर. पावसाळ्यात चर कितीतरी वेळा भरतो, मुरतो आणि पुन्हा भरतो. संध्याकाळी टेप लावून आजचे मीटर मोजले की डोंगराने किती पाणी धरण्याची तयारी केली, ते पोरांनाही तोंडी सांगता येतं.

ही टेप दिसते त्याहून महत्त्वाची आहे. हार्वर्डच्या तेरेसा अमाबिले आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतल्या २३८ माणसांच्या जवळजवळ बारा हजार रोजनिशी-नोंदी तपासल्या होत्या. कोणत्या दिवशी माणसाला कामात हुरूप वाटतो, हा त्यांचा प्रश्न होता. बक्षीस, शाबासकी, साहेबाचं भाषण यांच्यापेक्षा वरचढ ठरली ती एक साधी गोष्ट: अर्थ असलेल्या कामात त्या दिवशी थोडंसं पुढे सरकल्याची जाणीव. २०११ साली हे पुस्तकरूपाने आलं. त्यातल्या कंपन्या अमेरिकेतल्या होत्या, माणसं संगणकापुढे बसणारी होती. टिकास घेतलेल्या माणसाला मात्र पुढे सरकल्याचा पुरावा पायाशीच दिसतो. काल चर त्या बोरीपर्यंत होता, आज खडकापर्यंत आला.

म्हणजे हुरूप आधी येऊन माणसाला कामावर नेतो, हा समज उलटा करून पाहायला हवा. पहाटे पाचला हुरूप कुणालाच नसतो. त्या वेळी उपयोगी पडते ती आदल्या रात्री ठरलेली वेळ आणि शेजाऱ्याने दारावर मारलेली हाक. वॉटर कपच्या कित्येक गावांत लोक उजाडण्याआधी डोंगरावर जात, तर कुठे उन्हं उतरल्यावर, कुठे चांदण्यात. वेळ पक्की, जागा पक्की, आणि न आलेल्याला दिवसभर पारावर उत्तर द्यावं लागे. या शेवटच्या सोयीचं श्रेय कुठल्याच प्रेरणादायी पुस्तकात मिळत नाही, पण गावगाड्याने आजवर अनेक कामं तिच्याच जोरावर ओढली आहेत.

सवय लागायला २१ दिवस पुरतात, असं सर्रास सांगितलं जातं. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटायला निदान तीन आठवडे लागतात, असं त्यांनी लिहिलं होतं. सांगणाऱ्यांनी 'निदान' गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय बसवली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लाली यांनी ९६ जणांवर हे प्रत्यक्ष तपासलं. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाचा अंदाज २५४ दिवसांवर गेला. मधे एखादा दिवस खाडा पडला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यांना दिसलं. दोन दिवस चुकले की 'आता काय उपयोग' म्हणून सगळंच सोडून देणाऱ्यांसाठी तर हीच खरी बातमी आहे.

वऱ्हाडाला २१ हा आकडा वेगळ्या कारणाने पाठ आहे. शेगावच्या गजानन महाराजांवरच्या, दासगणूंच्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथाचे अध्याय २१. जिल्ह्यातल्या असंख्य घरांत रोज एक अध्याय वाचला जातो आणि एकविसावा संपला की पुन्हा पहिला उघडतो. मन लागो न लागो, दिवा लावल्यावर पोथी उघडायचीच. मन पुष्कळदा पाच-दहा ओव्यांनंतर लागतं, असं वाचणाऱ्या बायाच सांगतील.

शेगाव याच जिल्ह्यात आहे. १८७८ च्या फेब्रुवारीत गजानन महाराज तिथे पहिल्यांदा दिसले, १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली. मंदिरात शिरल्यावर नवख्या माणसाच्या नजरेत आधी भरते ती स्वच्छता, आणि मग पांढऱ्या कपड्यांतले, प्रत्येकाला 'माउली' म्हणणारे सेवाधारी. घरचा शेतकरी, शिक्षक, दुकानदार, निवृत्त कारकून. पाळी आली की येतो, चपला सांभाळतो, फरशी पुसतो, पंगतीत वाढतो. मोबदला नाही. ही घडी बसवणारे संस्थानचे व्यवस्थापकीय विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील ऑगस्ट २०२१ मध्ये गेले, तरी पाळ्या चुकल्या नाहीत. १९६८ पासून संस्थानची पालखी पंढरपूरला पायी जाते, एका बाजूचा प्रवास महिनाभराचा. श्रद्धा म्हणजे डोळे मिटून स्वस्थ बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एखाद्या गर्दीच्या एकादशीला तिथल्या स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला जाऊन भांड्यांचे ढीग पाहावेत.

या भागाला ही शिकवण नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घेत. रस्ते झाडून झाल्यावर रात्री कीर्तन. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीत सामुदायिक प्रार्थनेच्या शेजारीच ग्रामसफाई आणि श्रमदान ठेवलं. दोघांनीही कष्ट आणि भक्ती यांची वेगळी वेळापत्रकं केली नाहीत.

एप्रिलमधल्या चराला श्रद्धा लागते ती अशी. खणताना तिथे पाण्याचा थेंब नसतो. नुसता कोरडा खड्डा, आणि जूनमध्ये त्यात पाणी थांबेल हा भरवसा. त्याहून मोठा भरवसा माणसांचा लागतो. माथ्यावर मी खणलेल्या चरातलं पाणी खाली दुसऱ्याच्या विहिरीला पाझरणार असतं. ज्याला गुंठाभर वावर नाही असा मजूरही श्रमदानाला येतो आणि पाणी वाढतं ते विहीरवाल्याचं. हा हिशेब न मांडताच कष्टांचे गोडवे गाणं बरोबर नाही. त्याला गावात पुढे काम मिळालं, प्यायच्या पाण्यासाठी त्याच्या घरातल्या बाईची पायपीट थांबली, तर त्याच्या घामाचं काही तरी परत आलं म्हणायचं.

'जिद्द असली की सगळं होतं' हे वाक्य विदर्भात जपून उच्चारावं. अँजेला डकवर्थ यांनी चिकाटीवर लिहिलेलं पुस्तक २०१६ साली जगभर गाजलं. पुढच्याच वर्षी मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवलं की या गुणाचा यशाशी असलेला संबंध सांगितला जातो तितका दणकट नाही. बुलडाण्याच्या शेतकऱ्याला हे कळायला अभ्यासाची गरज नव्हती. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत बुलडाणा होता. त्या जिल्ह्यांत कष्टांची कमतरता नव्हती. कापसाचा भाव, सावकाराचं व्याज आणि लहरी पाऊस यांपुढे कष्ट तोकडे पडले होते.

आणि २०१८ चा पावसाळाच पाहा. ज्या वर्षी गावांनी चर खणले, त्याच वर्षी पावसाने हात आखडता घेतला. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. बुलडाणा जिल्ह्यातले अनेक तालुके त्यात होते. चर तयार होते, पण पाऊस पाडायला ढगच नव्हते. कष्टाचं फळ ठरल्या तारखेला मिळत नाही, याचं याहून उघडं उदाहरण शोधायला नको. तरीही २०१९ च्या एप्रिलमध्ये राज्यातली हजारो गावं पुन्हा टिकास घेऊन उभी राहिली. बक्षिसाची आशा होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण बक्षीस मूठभर गावांना मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीच्या गावांना उठवत होती ती लागलेली सवय, मोजलेले मीटर आणि दारावरची हाक.

वॉटर कप २०१९ नंतर झाला नाही. चरांचं मात्र दरवर्षी काम निघतं. गाळ साचतो, बांध ढासळतो, गुरं कडा तुडवतात. पंचेचाळीस दिवसांच्या स्पर्धेला ढोल-ताशे मिळतात, पाचव्या वर्षी गाळ काढायला मिळत नाहीत. सातत्याची परीक्षा इथे सुरू होते आणि या परीक्षेत कित्येक गावं मागे पडतात.

पाणी फाउंडेशनने पुढे फार्मर कप आणला, २०२२ पासून. त्यात गावाऐवजी शेतकऱ्यांचे गट स्पर्धा करतात आणि डोंगराऐवजी वावरात काम होतं. त्यातून पुन्हा चालतं झालेलं एक जुनं नाव म्हणजे इर्जिक. गटातल्या सगळ्यांनी आज एकाच्या वावरात निंदण करायचं, उद्या दुसऱ्याच्या. एकट्याने दोन एकर तुरीतलं तण काढायचं म्हटलं की पहिल्या तासालाच कंबर बोलते. दहा बाया ओळीने बसल्या की गप्पा, चेष्टा आणि एकमेकींच्या पुढे जाण्याच्या चढाओढीत दुपारपर्यंत पट्टा साफ होतो. शिवाय आज तिच्या वावरात गेलं नाही, तर परवा ती आपल्या वावरात येणार नाही. इर्जिकीत मजुरी द्यायची नसते. ज्याचं वावर, त्याने भाकरी, ठेचा आणि कालवणाची सोय करायची, एवढाच करार.