डिझेल की हायब्रिड : हिशेब दहा वर्षांचा

गाडी घेताना – भाग ९

‘लांब पल्ल्याला डिझेलच’ हे वाक्य आपल्याकडे दोन पिढ्या ऐकू येतंय, आणि एके काळी ते शंभर टक्के खरं होतं. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे तीसेक रुपयांचा फरक होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले आणि फरक आटत गेला. अलीकडे मुंबईत तो साडेतेरा-चौदा रुपयांवर आला होता. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या करणंच थांबवलं. वाक्य मात्र जिथल्या तिथे आहे.

मागच्या आठवड्यात सीएनजी झालं, आज हायब्रिड. इथे हायब्रिड म्हणजे स्ट्राँग हायब्रिडच, ज्यात बॅटरीवरची मोटर गाडी एकटीने ओढू शकते. माइल्ड हायब्रिडमध्ये मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, त्यामुळे मागे बिल्ला काहीही असो, त्या गाड्या या तुलनेत नाहीत.

तुलना जोडीजोडीनेच करावी, म्हणून एका बाजूला मारुतीच्या ग्रँड विटारा किंवा टोयोटाच्या हायरायडरची हायब्रिड घेऊ आणि दुसऱ्या बाजूला क्रेटाची डिझेल. दोन्हींची ताकद ११५ अश्वशक्तीच्या आसपास, दोन्हींचं इंजिन दीड लिटरचं. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये धरू. शहरात सिग्नल-सिग्नल करत हायब्रिडने लिटरला २१ आणि डिझेलने १३ किलोमीटर दिले, तर किलोमीटरला एकीचा खर्च पाच रुपये, दुसरीचा सात. हमरस्त्यावर शंभरच्या वेगाने तीच हायब्रिड १८ वर येते आणि डिझेल १९ वर जाते. मग हायब्रिडला पावणेसहा रुपये पडतात, डिझेलला पावणेपाच. हे ॲव्हरेजचे आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही आपले टाका. पण उलटापालट होते ती इथेच. कंपनीने हायब्रिडसाठी छापलेला २७.९७ चा आकडा चाचणीकेंद्रातला असतो, तो घेऊन घरचा हिशेब मांडू नये.

असं का होतं, हे घाटात नीट कळतं. हायब्रिडची बरीचशी कमाई ब्रेकमधून येते. ब्रेक दाबला की मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत भरते. शहरात ब्रेक सतत लागतो, एक्स्प्रेस वेवर लागतच नाही. मग उतारावर तरी भरपूर वीज मिळायला हवी, नाही का? लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना माणसांसकट दीड टनाची गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. कागदावर ही ऊर्जा दोन युनिटच्या वर भरते. त्यातली काही वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते, तरी उरलेली कमी नसते. पण या गाडीची बॅटरी आहे ०.७६ युनिटची, आणि तीही संगणक पूर्ण भरू देत नाही. घाट संपायच्या आतच ती भरते आणि पुढचा उतार इंजिन ब्रेकिंगवर उतरावा लागतो. चढताना याच्या उलट. भरलेली गाडी आंबोलीचा घाट चढू लागली की बॅटरीचा आधार लवकर सरतो आणि तीन सिलिंडरचं इंजिन आवाज करत एकटं ओढतं. डिझेलमध्ये टर्बोमुळे दोन हजार आरपीएमच्याही आधी पूर्ण जोर मिळतो, पाय जड करावा लागत नाही. शिवाय या हायब्रिडची बॅटरी डिकीची जागा खाते. मे महिन्यात कोकणातून पेट्या भरून आणणाऱ्यांनी डिकी उघडून बघावी, मगच टोकन द्यावं.

इंधन झालं. पण दहा वर्षं गाडी ठेवायची तर पैसे खरे कुठे जातात ते वेगळंच आहे.

बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात डीपीएफ असतो, म्हणजे काजळी धरून ठेवणारी जाळी. ती भरली की जाळून साफ करावी लागते. त्यासाठी धूर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि तापायला गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत चालावी लागते. पुण्यात कोथरूडहून डेक्कनला जाऊन परत येणाऱ्या गाडीला हे सुख मिळत नाही. सफाई अर्ध्यावर तुटते, त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि शेवटी गॅरेजवाला ‘डीपीएफ चोक झालाय’ म्हणतो. काही जण तो काढूनच टाकायचा सल्ला देतात. ते बेकायदा आहे आणि तो धूर आपल्याच गल्लीत राहतो. वय वाढलं की इंजेक्टर, टर्बो, क्लच यांची पाळी येते. हे सुटे भाग स्वस्त नाहीत.

हायब्रिडमध्ये टोयोटाच्या पद्धतीने क्लच नाही, स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. ब्रेक पॅडही जास्त टिकतात. धास्ती एकच, बॅटरीची. टोयोटा तिच्यावर आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतलं जे आधी पुरं होईल तिथपर्यंत वॉरंटी देते. ही बॅटरी पूर्ण भरत नाही, पूर्ण रिकामीही होत नाही, म्हणून मोबाइलच्या बॅटरीचा अनुभव इथे लावू नका. मात्र तिला गार ठेवणाऱ्या हवेची जाळी धुळीने तुंबू देऊ नये, सर्व्हिसिंगला ती साफ झाली का हे विचारावं. नववं-दहावं वर्ष तुमच्या हिशेबात असेल, तर नव्या बॅटरीची आजची किंमत शोरूमकडून लेखी घ्या. आणखी एक अडचण, जी जाहिरातीत येत नाही : नारिंगी वायरींमध्ये दीडशेहून जास्त व्होल्ट असतात, तालुक्याचा मिस्त्री त्यांना हात लावणार नाही. आणि लावूही नये. पण नवी डिझेलही स्कॅनरशिवाय तो उघडत नाही, तेव्हा या मुद्द्यावर डिझेलवाल्यांनी फार ताठ बसू नये.

कराचं थोडक्यात. महाराष्ट्रात डिझेलचा एकरकमी रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त आहे. अठरा लाखांच्या गाडीवर छत्तीस हजार, आणि पेट्रोल हायब्रिड पेट्रोलच्या रांगेत. दहा वर्षांनी डिझेल बाद करण्याचा आदेश दिल्ली आणि एनसीआरपुरता होता. तो २०१५ मध्ये हरित लवादाने दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची आहे, पुढे तपासणी करून वाढवता येते. दिल्लीच्या या नियमापायी तिकडच्या जुन्या डिझेल गाड्या इतर राज्यांत विकल्या जातात. स्वस्तात मिळतेय म्हणून हुरळू नका.

माझं मत विचाराल तर रोजची ये-जा शहरातली आणि गावी वर्षातून चार-दोनदा, अशा घराने आता डिझेल घेऊ नये. त्या चार फेऱ्यांत वाचणारे पैसे बाकीच्या वर्षात डीपीएफ खातो. वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर, तेही बहुतेक महामार्गावर, सहा माणसं आणि सामान, मध्ये घाट, असं ज्यांचं काम आहे त्यांना डिझेलच पुरून उरेल. खरी ओढाताण होते ती महिन्यातून दोनदा मुंबई-कोल्हापूर करणाऱ्यांची. त्यांनी दोन्ही गाड्या रविवारी रिकाम्या रस्त्यावर चालवून पाहण्यात अर्थ नाही. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी सातच्या गर्दीत मागावी आणि दुसरी, घरची सगळी माणसं बसवून, जवळच्या चढावर.