टाळ्या पडल्या, पुढं काय?

निकाल लागले की गुणगौरव समारंभ, मग गणेशोत्सव, मग जयंत्या. धाराशिव जिल्ह्यात प्रेरणादायी व्याख्यात्यांना सवड नसते. शाल, श्रीफळ, मानधन, सेल्फी आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फिरणारी रील. वक्त्यानं लोकप्रियता मिळवावी की प्रभाव, या प्रश्नाभोवती काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

गैरसमज : ज्याला गर्दी जास्त, तो वक्ता पक्का.

वस्तुस्थिती : याच जिल्ह्यातल्या तेरची आख्यायिका आठवावी. संतमेळ्यात कोण कच्चं, कोण पक्कं हे पाहायला कुंभार असलेल्या संत गोरोबाकाकांनी मडकं तपासावं तसं एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं आणि नामदेव कच्चे ठरले. कीर्तनात सगळ्यांचे लाडके असलेले नामदेव! रुसवा धरून न बसता ते विसोबा खेचरांना शरण गेले. लोकांनी डोक्यावर घेतलं म्हणजे शिकणं संपलं, असं वारकरी परंपरेनंही मानलेलं नाही.

गैरसमज : भाषण दणदणीत झालं की माणूस बदलतो.

वस्तुस्थिती : भाषणानं अंगावर काटा येतो, सवय मात्र पाठपुराव्यानं बदलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात जिल्ह्यातल्या सास्तूरसह कित्येक गावं उद्ध्वस्त झाली. पुढं घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. भूकंपात टिकेल असं घर कसं बांधायचं, मदत कशी मिळते, हे त्या शेजारणींना समजावत. त्यांना कुणी व्याख्याती म्हटलं नाही. पण शंका आली तर विचारायला त्या गावातच होत्या.

याच संस्थेचं ‘एक एकर’ शेतीचं काम पाहा. घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा, त्यात डाळी, धान्य, भाजीपाला लावायचा. आधी घरचं ताट, उरेल ते बाजारात. नवऱ्याकडं जमीन मागायची हिंमत कुठल्याही घोषणेनं येत नाही. गावातल्याच एखादीनं ती मागितली, पिकवली आणि ‘बांधावर येऊन बघ’ म्हटलं की येते. २०१६ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला.

गैरसमज : प्रभाव हवा तर लोकप्रियता सोडावी लागते.

वस्तुस्थिती : गाडगेबाबांच्या कीर्तनाला तोबा गर्दी व्हायची, म्हणजे ते लोकप्रिय होतेच. पण दिवसा हातात खराटा घेऊन ते गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. पायावर कुणाला डोकं ठेवू देत नसत. लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या. लोकप्रियता म्हणजे एसटीचं तिकीट. गावात उतरल्यावर काय केलंत, ते महत्त्वाचं.

गैरसमज : प्रभाव मोजता येत नाही, म्हणून व्ह्यूज मोजायचे.

वस्तुस्थिती : येतो की मोजता. फक्त तो त्याच रात्री दिसत नाही. कर्ज, नापिकी, भरतीची वाया गेलेली वर्षं, असं ओझं घेऊन समोर बसलेल्या पोराला ‘तू ठरवलंस तर काहीही होईल’ एवढंच सांगणं म्हणजे अपयशाचं खापर त्याच्याच माथी फोडणं. त्याला शिष्यवृत्तीचा अर्ज, अभ्यासिका, समुपदेशक यांचा पत्ता दिला, तर तीन महिन्यांनी विचारता येतं : किती जण तिथं पोचले?

आयोजकांनी मानधन ठरवताना हा तीन महिन्यांनंतरचा फोनही ठरवून घ्यावा. जो वक्ता त्याला आनंदानं हो म्हणेल, त्याला लोकप्रिय करायला हरकत नाही.