माणसे वाढवली, तरी काम का रखडते?

गणेशोत्सवात किंवा कोजागरीला आपली मंडळी जमली की एक प्रश्न हमखास निघतो, "मुलगा हल्ली काय करतो?" "गच्चीबावलीला आहे, टीम लीड झाला." पुढे कोणी विचारत नाही. टीम लीड म्हणजे नेमके काय, हे बहुतेक आईवडिलांनाही सांगता येत नाही. कोड लिहिणे कमी झाले, दिवसभर मीटिंगा चालतात आणि तरीही तो थकलेला दिसतो, एवढेच त्यांना ठाऊक असते. मी बी.कॉम. माणूस, मला प्रोग्रॅमिंग येत नाही. पण बँकेत वाढलेल्याला हे काम समजायला फारसे अवघड नाही, कारण त्यातली मोठी अडचण यंत्राची नसून माणसांची आहे.

आयबीएम कंपनीने एप्रिल १९६४ मध्ये 'सिस्टिम/३६०' हे संगणक जाहीर केले. त्यावर चालणाऱ्या ओएस/३६० या प्रणालीची जबाबदारी फ्रेड ब्रुक्स यांच्याकडे होती. ऐन भरात असताना या कामावर हजाराहून अधिक माणसे होती. तरीही काम ठरल्या वेळेत झाले नाही. ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. आधीच उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसे वाढवली तर उशीर आणखी वाढतो, हा त्यांचा सिद्धांत आज 'ब्रुक्सचा नियम' म्हणून ओळखला जातो.

हे उलटे वाटते, पण हिशेब साधा आहे. पाच जणांच्या गटात दोघादोघांच्या जोड्या होतात १०. दहा जणांत ४५ आणि वीस जणांत १९०. माणसे चौपट झाली, पण एकमेकांना सांगण्या-विचारण्याच्या वाटा एकोणीसपट. शिवाय नव्याला शिकवायचे कोणी? जो आधीच कामात बुडाला आहे त्यानेच. सहामाही क्लोजिंगला दुसऱ्या शाखेतून मदतीला माणूस यायचा. व्याजाचे आकडे काढायला तो उपयोगी पडे, कारण ते काम वाटून देता येते. पण बॅलन्सिंगमधला फरक सापडत नसेल, तर त्याला शाखेची जुनी खोड समजावण्यातच दुपार जायची. सॉफ्टवेअरचे बरेचसे काम या दुसऱ्या प्रकारचे असते.

म्हणून टीम वाढू लागली की लीडचे पहिले काम ती तोडणे. गट लहान करायचे, प्रत्येकाला एक पूर्ण काम द्यायचे आणि एका गटाने दुसऱ्याला काय पुरवायचे हे लिहून ठेवायचे. दोन पिझ्झांत जेवण भागेल एवढाच गट असावा, हा अ‍ॅमेझॉनचा दंडक प्रसिद्ध आहे. (आपल्या मंडळींच्या भुकेचा विचार करता गट फारच लहान होईल, ते सोडा.) मुलाच्या त्या मीटिंगा पुष्कळदा याचसाठी असतात. उद्या दहा जणांनी एकमेकांना विचारत बसू नये, म्हणून आज दोघांनी बसून ठरवायचे.

तंत्रज्ञान बदलण्याची जोखीम मात्र वेगळी आहे, आणि तिचे उदाहरण बँकेचेच आहे. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात आपले बहुतेक सर्व ग्राहक नव्या प्रणालीवर नेले. ग्राहक होते सुमारे ५२ लाख. खात्यांची माहिती व्यवस्थित पोहोचली होती, पण नवी प्रणालीच कोलमडली. लोकांना आपली खाती उघडता येईनात, काहींना तर दुसऱ्याचीच खाती दिसली. सारे पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. पुढच्या वर्षी बँकेच्या तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान प्रमुखालाही व्यक्तिशः ८१,६२० पौंड दंड झाला. प्रणाली चालवणारी कंपनी खरोखर तयार आहे याची पुरेशी खात्री त्यांनी करून घेतली नव्हती, असा ठपका होता.

माझ्या मते लीडची खरी कसोटी इथेच लागते. "सगळे तयार आहे" असे कळवणे सोपे असते. ते वाचून न थांबता "कशावरून?" असे विचारणारा माणूस कोणालाच आवडत नाही, वरिष्ठांना तर मुळीच नाही, कारण तारीख जाहीर झालेली असते. आपल्याकडे रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत यंत्रे आली. तेव्हा हाताने लिहिलेले लेजर आणि यंत्रातली खाती काही काळ शेजारी शेजारी चालत. दुप्पट काम म्हणून कर्मचारी कुरकुरत, पण दोन्हींची बेरीज जुळल्याशिवाय लेजर मिटत नसे. पुढे कोअर बँकिंग आले तेव्हाही शाखा टप्प्याटप्प्याने जोडल्या गेल्या. सॉफ्टवेअरवाले आजही हेच करतात. आधी थोडे ग्राहक नव्या प्रणालीवर न्यायचे, बिघडले तर मागे फिरायची वाट मोकळी ठेवायची.

आता एआय कोड लिहू लागले आहे. लिहिणे झटपट होते, पण ते तपासणारे डोळे तेवढेच आहेत. बँकेत व्हाउचर करणारा वेगळा आणि पास करणारा वेगळा असतो. करणारे दहापट झाले आणि पास करणारा एकच राहिला, तर टेबलावर गठ्ठे साचतात किंवा न वाचता सह्या होतात. सह्या न वाचता होत नाहीत ना, हे बघणे सध्या लीडच्या वाट्याला आले आहे. तेव्हा रात्री दहाला मुलगा अजून लॅपटॉपवर दिसला, तर तो बहुधा दुसऱ्याने केलेलेच व्हाउचर वाचत असेल.