टोळाच्या पेशीतली सहावारी

2020 च्या मे महिन्यात वाळवंटी टोळांच्या झुंडी अमरावती-नागपूरच्या संत्र्यांच्या पट्ट्यात उतरल्या, तेव्हा शेतकरी थाळ्या-डबे बडवत रानात धावले. त्यातला एक टोळ चिमटीत धरा. वजन दोनेक ग्रॅम. त्याच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ करून मापला, तर भरेल साधारण 5.8 मीटर, म्हणजे सहावारी साडीहून किंचित जास्तच. माणसाच्या पेशीतला हा धागा दोन मीटरचा.

एक चौरस किलोमीटरच्या दाट झुंडीत 8 कोटींपर्यंत टोळ असू शकतात. प्रत्येकाची फक्त एकच पेशी घ्या आणि धागे टोकाला टोक जोडत चला. आपण चंद्र ओलांडून पुढे जातो.

आता या धाग्यावरची अक्षरं मोजू. या टोळाच्या जीनोमची एक प्रत सुमारे 8.6 अब्ज अक्षरांची, आपली 3.1 अब्जांची. सेकंदाला एक अक्षर, ना झोप ना जेवण, अशा बेतानं वाचत गेलं तर आपला जीनोम 98 वर्षांत संपेल. टोळाचा 272 वर्षांत. पानिपतच्या आधी, नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत कुणी वाचायला बसला असता, तर त्याचं शेवटचं पान आत्ता कुठे आलं असतं. उलट अंटार्क्टिकात राहणाऱ्या बेल्जिका या बिनपंखी माशीचा जीनोम 9.9 कोटी अक्षरांचा. तीन वर्षं दोन महिन्यांत पोथी बंद.

बरं, इतकं वाचून हाती काय लागतं? माशीत साडेतेरा हजार जनुकं, टोळात एकोणीस हजारांच्या आत. पोथी 87 पट जाड, पण कामाचा मजकूर दीडपटसुद्धा नाही!

उरलेल्यात मोठा वाटा पुनरावृत्तीचा. त्यातले काही तुकडे स्वतःची नक्कल काढून दुसरीकडे चिकटवतात. हीच ती उड्या मारणारी जनुकं, जी बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात शोधली आणि ज्यांच्यासाठी त्यांना 1983 मध्ये नोबेल मिळालं. काही तुकडे मात्र जागचे न हलता नुसते घोकत बसतात. ड्रोसोफिला व्हिरिलिस या फळमाशीच्या डीएनएचा 40 टक्क्यांहून अधिक भाग सात-सात अक्षरांच्या अवघ्या तीन शब्दांनी भरलेला आहे. त्यातला एक म्हणजे एसीएएएसीटी. पुन्हा एसीएएएसीटी. पुन्हा तेच. हिशेब केला तर अशा आवर्तनांची संख्या दोन कोटींच्या घरात जाते. वहीत कोटी रामनाम लिहिणाऱ्यानंही हात जोडावेत.

टोळाला एवढ्या पसाऱ्याची गरज असेल असं मला वाटत नाही. सामान आत किती येतं याइतकंच बाहेर किती जातं, यावर घराचा माळा भरतो. 2000 साली दिमित्री पेत्रोव्ह आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटांवरच्या लाउपाला या रातकिड्याची फळमाशीशी तुलना केली. रातकिड्याचा जीनोम 11 पट मोठा, आणि निकामी डीएनए गळून जाण्याचा त्याचा वेग 40 पटींहून मंद. फळमाशी रोज केर काढणाऱ्यातली, रातकिडा जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे जपणाऱ्यातला. गवत्या टोळांच्या कुळातला पोडिस्मा पेडेस्ट्रिस तर जीनोमच्या आकारात वाळवंटी टोळावरही कडी करतो: एका प्रतीत 16 अब्जांहून अधिक अक्षरं. त्याच्या पेशीतला धागा नऊवारीलाही मागे टाकतो.

आत येण्याचा वेगही काही कमी नाही. पी-एलिमेंट नावाचा असाच एक उडता तुकडा विसाव्या शतकात दुसऱ्या जातीच्या माशीतून नेहमीच्या फळमाशीत शिरला आणि काही दशकांत जगभरच्या रानमाश्यांमध्ये पसरला. त्याआधी पकडून बाटल्यांत वाढवलेल्या माश्यांच्या वंशात तो सापडत नाही, म्हणून ही घुसखोरी उघडकीला आली.

या सगळ्याला सरसकट कचरा म्हणायची पद्धत होती. मला तो शब्द घाईचा वाटतो. बहुतेक प्राण्यांमध्ये गुणसूत्रांची झिजणारी टोकं टेलोमरेज नावाचं विकर भरून काढतं. फळमाशीकडे ते नाही. तिची टोकं हेट-ए, टार्ट आणि ताहरे हे तीन उडते तुकडे पुन्हा पुन्हा येऊन शिवतात. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारं आपल्या घरातलं चिलट, ते हेच.