पत्रा काढा, पण जपून!

जुन्या इमारतीवरचे सिमेंटचे पत्रे, गच्चीवरची टाकी, भिंतीलगतचा पावसाळी पाइप... यांत दडलेला ॲस्बेस्टॉस शांत पडून असतो तोवर फारसा त्रास देत नाही. तो कापला, फोडला, घासला की मात्र घात होतो. म्हणूनच त्याला हात लावण्याआधी हवी नीट आखलेली योजना.

मे महिना संपत आला की गावोगावी आणि शहरोशहरी छपरांवर माणसे चढलेली दिसतात. कुणी फुटका पत्रा बदलतो, कुणी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडतो, कुणी नवा हुक बसवण्यासाठी भोक पाडतो. खाली अंगणात पांढरट भुकटी सांडते. घरातले कुणीतरी ती खराट्याने झाडून टाकते. पत्र्याच्या तुकड्याने जमिनीवर रेघा छान उमटतात, म्हणून मुले ते तुकडे खेळायला घेतात. कुणालाच त्यात काही वावगे वाटत नाही. वाटावे तरी कसे? ही धूळ डोळ्यांना झोंबत नाही, तिला वास नाही आणि तिच्यामुळे त्या दिवशी कुणी आजारीही पडत नाही. तिचा हिशेब वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी होतो.

ज्याला आपण ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो तो नुसता सिमेंटचा नसतो. त्याला ताकद येते ती आतल्या ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे. भारतात बनणाऱ्या अशा पत्र्यांत साधारण आठ ते दहा टक्के पांढरा ॲस्बेस्टॉस असतो.

न विझणारा दगड

ॲस्बेस्टॉस हे जमिनीतून निघणारे खनिज. दगडच, पण कापसासारखा पिंजता येणारा. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘न विझणारा’. तो जळत नाही, कुजत नाही, आम्लाला सहसा दाद देत नाही आणि स्वस्तही पडतो. १९०१ साली ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेकने सिमेंटमध्ये हे तंतू मिसळून पातळ पत्रे करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि बांधकामाच्या जगात क्रांती झाली. भारतात १९३० च्या दशकात या पत्र्यांचे कारखाने निघाले. गिरण्यांच्या शेड, रेल्वेची गोदामे, चाळींच्या पडव्या, शाळांचे वर्ग, कोंबड्यांची खुराडी, सगळीकडे तो पोहोचला. कोकणात दरवर्षी कौले चाळायचा त्रास वाचावा म्हणून कित्येकांनी कौले उतरवून पत्रे घातले. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे १६ टक्के घरांचे छप्पर धातूच्या किंवा ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचे होते.

जे गुण वस्तूसाठी वरदान, तेच शरीरासाठी शाप ठरले. ॲस्बेस्टॉसचे तंतू केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक असतात. श्वासाबरोबर ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत आणि त्यातले बरेच बाहेरही टाकता येत नाहीत. ते तिथेच रुतून बसतात. काहींची फुप्फुसे हळूहळू घट्ट होत जातात, जिना चढतानाही दम लागतो. याला ‘ॲस्बेस्टॉसिस’ म्हणतात. काहींना फुप्फुसाचा कर्करोग होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तो धोका कित्येक पटींनी वाढतो. तिसरा आजार म्हणजे ‘मेसोथेलिओमा’, फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. तो सहसा ॲस्बेस्टॉसमुळेच होतो आणि त्यातून रुग्ण क्वचितच वाचतो. पांढरा, निळा, तपकिरी असे ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कर्करोगजनक आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निर्वाळा आहे. कामाच्या ठिकाणी नाकातोंडात गेलेल्या ॲस्बेस्टॉसमुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे मरतात, असे ही संघटना सांगते.

कपडे धुणाऱ्या बायका

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावची नेली केरशॉ ही ॲस्बेस्टॉसचे सूत कातणारी कामगार. १९२४ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ती दगावली. तिच्या फुप्फुसात ॲस्बेस्टॉसचे कण सापडले. वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेलेले ॲस्बेस्टॉसच्या आजाराचे हे सुरुवातीचे प्रकरण.

पण धोका कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नाही, हे कळायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली. १९६५ साली लंडनमध्ये मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात अशा काही बायका निघाल्या, ज्यांनी कारखान्यात कधी पाऊलही ठेवले नव्हते. त्यांचा दोष एवढाच, की त्या कामावरून आलेल्या माणसाचे धुळीने भरलेले कपडे झटकून धूत असत. कारखान्याच्या आसपास राहणारेही त्या रुग्णांत होते. म्हणजे ही गोष्ट कामगाराची तशीच त्याच्या घराचीही आहे.

कायदा काय म्हणतो?

पन्नासहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. ब्रिटनने १९९९ साली पांढऱ्या ॲस्बेस्टॉसलाही दार बंद केले, जपान, दक्षिण आफ्रिका, कॅनडा हेही त्याच वाटेने गेले. भारतात मात्र पांढरा ॲस्बेस्टॉस आजही वापरला जातो. तो प्रामुख्याने रशिया, कझाकस्तान, ब्राझील अशा देशांतून येतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांतील जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी, असा आदेश दिला. आजारी कामगाराला एक लाख रुपये भरपाईही सांगितली. हे झाले कारखान्यातल्या कामगाराचे. पण छपरावर चढणाऱ्या मिस्त्रीचे, बिगाऱ्याचे आणि त्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाचे काय?

इथे ब्रिटनचा धडा उपयोगी पडतो. बंदी घातली तरी आधी वापरलेला माल इमारतींत राहतोच. तो सगळा एका दमात उपटून काढायला गेले तर उलट जास्त धूळ उडेल. म्हणून तिथे २००४ पासून निवासी नसलेल्या इमारतींच्या मालकावर किंवा व्यवस्थापकावर कायद्यानेच जबाबदारी टाकली: ॲस्बेस्टॉस कुठे आहे ते शोधा, त्याची अवस्था लिहून ठेवा, त्याचे काय करायचे ते ठरवा आणि तिथे काम करायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी सांगा. आपल्याकडे कायद्याची वाट न पाहता एखादी गृहनिर्माण संस्था, शाळा किंवा वाड्याचे मालक हे चार टप्पे सहज पाळू शकतात.

आधी शोधा, मग लिहा

पहिला टप्पा शोधाचा. समजा, इमारत १९७५ सालची आहे. तिथे कुठे पाहायचे? सायकली आणि स्कूटर ठेवायच्या शेडचे छप्पर, पंपाची खोली, गच्चीवरची जुनी करड्या रंगाची टाकी, पावसाचे पाणी उतरवणारे पाइप, संडासाचे हवेचे पाइप, जिन्यावरची पडदी, जुने छत. हॉस्पिटल, हॉटेल किंवा कारखान्याच्या इमारतीत बॉयलर आणि वाफेच्या नळांभोवतीचे लिंपण. हे सर्वांत घातक, कारण ते मऊ असते आणि हाताने चुरगळते. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरवर ठेवायच्या जुन्या जाळीच्या मध्यभागचा पांढरा गोलही बऱ्याचदा ॲस्बेस्टॉसचाच असे.

आता बाजारात ॲस्बेस्टॉस नसलेले पत्रेही मिळतात आणि नुसत्या नजरेने फरक कळत नाही. खात्री प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच होते. तोवर जुना पत्रा ॲस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चालणे शहाणपणाचे.

दुसरा टप्पा नोंदीचा. त्यासाठी एक साधी वही पुरे. वस्तू कुठे आहे, किती आहे, कधी बसवली, आज तिची अवस्था काय, तिथे कुणाची ये-जा आहे, एवढे रकाने आखावेत. सोबत फोटो चिकटवावा. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावेच लागते. त्याच वेळी इंजिनियरकडून ही यादीही करून घेतली, तर वेगळी यातायात पडत नाही.

ठेवायचा, झाकायचा की काढायचा?

तिसरा टप्पा निर्णयाचा. पत्रा अखंड आहे, त्याला धक्का लागत नाही, कुणी त्यावर चढत नाही, तर त्याला तसाच राहू द्यावा आणि वर्षातून एकदा पाहणी करावी. पावसाळ्यानंतरचा काळ त्याला चांगला. पृष्ठभाग झिजून तंतू केसांसारखे वर आले असतील पण पत्रा मजबूत असेल, तर रंगाचा किंवा सीलरचा थर देऊन त्याला बंद करता येते. मात्र रंगाआधी घासायचे नाही. पत्रा तडकलेला आहे, कडा झडताहेत, खाली मुलांचा वावर आहे, तर तो काढणेच बरे. आणि घराची दुरुस्ती किंवा इमारतीचा पुनर्विकास होणार असेल, तर पाडकामाचा पहिला घाव पडण्याआधी ॲस्बेस्टॉस वेगळा काढावा. ही अट कंत्राटातच लिहावी. तोंडी ठरलेल्या गोष्टी खर्च वाढला की विसरल्या जातात.

चौथा टप्पा सांगण्याचा. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, केबल टाकणारा, सोलर पॅनेल बसवणारा, जो कुणी भोक पाडायला येईल त्याला वही आधी दाखवावी. वॉचमनलाही ती माहीत हवी.

काढायच्या दिवशी

पहिला नियम पाण्याचा. पत्रा बारीक फवाऱ्याने ओला करावा, भिजला की धूळ उडत नाही. मात्र जोराच्या धारेने धुऊ नये. नटबोल्ट गंजले असतील तर ते कापावेत, पत्रा कापू नये. ग्राइंडर, कटर, हातोडा वर्ज्य. पत्रे एकेक करून अखंड खाली उतरवावेत, वरून फेकू नयेत. काम चालू असताना मुले आणि म्हातारी माणसे दुसरीकडे पाठवावीत, खिडक्या लावून घ्याव्यात.

दुसरा धोका लगेचचा आहे. जुना पत्रा ठिसूळ असतो आणि अंगाखाली अचानक फुटतो. छपरावर सरळ पाय देऊन चालणारे कामगार खाली कोसळून मरतात. म्हणून आडव्या फळ्या, शिडी आणि कमरेला दोर हवाच. नाकाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क हे तंतू अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक धूळ गाळणारा मास्कच लागतो. कामाचे कपडे झटकू नयेत, घरच्या धुण्यात मिसळू नयेत. लंडनच्या त्या बायकांची चूक पुन्हा कशाला?

उरलेली भुकटी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे. घरातला व्हॅक्युम क्लीनरही वापरू नये. त्यातून हे तंतू पुन्हा हवेत येतात.

तुकड्यांचे काय?

सगळे नीट झाले आणि शेवटी फुटके पत्रे रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून टाकले, तर गाड्यांच्या चाकांखाली त्यांचे पीठ होणार. मग केलेले सगळे पाण्यात. तुकडे ओले करून जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळावेत, वर ‘ॲस्बेस्टॉस’ असे ठळक लिहावे. ते कुठे द्यायचे हे पालिकेच्या घनकचरा विभागाला किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाला काम सुरू करण्याआधीच विचारावे. घातक कचऱ्यासाठी राखलेल्या जागेत तो पुरला जायला हवा. भंगारवाल्याला देणे, गोठ्यावर किंवा खुराड्यावर पुन्हा घालणे, जाळणे, हे काहीच चालणार नाही.

आयुष्यभर या पत्र्यांखाली राहिलेल्यांनी लगेच धास्ती घ्यावी, असे नाही. अखंड छपराखाली राहण्याचा धोका कारखान्यात किंवा पाडकामात धूळ खाणाऱ्यांच्या मानाने खूपच कमी असतो. पण ज्यांनी वर्षानुवर्षे पत्रे कापले, बॉयलरचे लिंपण काढले, त्यांनी दम लागू लागला की डॉक्टरांना आपले जुने काम आवर्जून सांगावे. नाहीतर खोकल्याचे औषध देऊन वेळ जातो आणि खरे कारण लपून राहते.

वही, फवारा, प्लास्टिक आणि एक लिखित अट, यांना लागणारा खर्च इमारतीच्या एका रंगकामापेक्षा कितीतरी कमी. तो कुणी करायचा यावर सोसायटीच्या सभेत वाद होईल, होऊ दे. ठराव मात्र पत्र्यावर पहिला हातोडा पडण्याआधी व्हायला हवा. कारण या धुळीची किंमत मोजणारा माणूस सहसा तो पत्रा बसवणारा नसतो, घेणाराही नसतो. तो खाली अंगणात खेळणारा असतो.