अर्जात नसलेली ओळ

माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात दप्तरातले अर्ज चाळताना त्यांची एक लकब असे : अर्ज वाचून झाला की कागद पालथा घालून ते मला विचारीत, "यात काय लिहिलेले नाही, सांग." एकदा कोणा शेतकऱ्याने लिहिले होते की घटसर्पाने बैलजोडी दगावली, सबब तगाई मंजूर व्हावी. मी उत्तर दिले, बैलांची नावे लिहिलेली नाहीत. वडील हसले नाहीत. ते म्हणाले, "जमीन त्याच्या कसणुकीत आहे हे लिहिलेले नाही, बैलांवाचून ती कसता येणार नाही हे लिहिलेले नाही, आणि मिळालेला पैसा बैलांवरच खर्च होईल हेही लिहिलेले नाही. पहिली गोष्ट सातबाऱ्यावरून कळेल, दुसरी तलाठी सांगेल, आणि तिसरी परमेश्वरास ठाऊक." पुढे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकविण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, निवृत्तीनंतर स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांशी गाठ पडली, पण 'विधान आणि गृहीतक' या प्रकरणाला याहून चांगली प्रस्तावना मला कोणत्याही ग्रंथात सापडलेली नाही.

संपादकांनी या प्रकरणाचा आढावा मागितला आहे. ज्याच्या घरात बँकेच्या अथवा राज्यसेवेच्या परीक्षेला बसणारे एखादे तरी लेकरू आहे, त्याला या प्रश्नांचा साचा सांगण्याची आवश्यकता नाही. वर एक विधान, खाली दोन गृहीतके, आणि त्याखाली 'केवळ पहिले', 'केवळ दुसरे', 'दोन्ही', 'एकही नाही' असे पर्याय, हे दृश्य आता पंचांगाइतके परिचित झालेले आहे.

पाश्चात्त्य परंपरेचा भाग मी घाईने उरकणार आहे, कारण त्यात जे आहे ते सर्वत्र छापलेले आहे. वक्ता आपल्या युक्तिवादातला एखादा अवयव श्रोत्यांवर सोपवून गाळतो, हे ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात नोंदविले. त्यानंतरच्या पाठ्यपुस्तककारांनी त्या लुप्त अवयवाचे प्रकार पाडून पाने भरली, ती पाने उलटून पुढे जावे. लुइस कॅरल याने १८९५ साली 'माइंड' या नियतकालिकात कासव आणि अकिलीझ यांचा जो संवाद लिहिला, तो मात्र थांबून वाचण्याजोगा आहे. त्यातले कासव प्रत्येक पायरीवर अकिलीझला सांगते की आधारविधानांवरून निष्कर्ष निघतो हा नियमही वहीत उतरवून दे, मग तो उतरविलेला नियम लागू पडतो हेही उतरवून दे, आणि अशा रीतीने वही भरत जाते, निष्कर्ष काही हाती येत नाही. न लिहिलेले सारेच लिहून काढू म्हणणाऱ्याची गत काय होते हे त्या कासवाने कायमचे दाखवून ठेवले आहे. पुढे एडवर्ड ग्लेझर याचा चिकित्सक विचारावरील प्रबंध १९४१ साली प्रसिद्ध झाला, आणि वॉटसन व ग्लेझर यांच्या नावाने चालणाऱ्या चाचणीच्या पाच भागांपैकी एक भाग गृहीतके ओळखण्यासाठी राखून ठेवण्यात आला. अमेरिकेतील विधिमहाविद्यालयांची प्रवेशपरीक्षा, जिला आपल्याकडील मुले 'एलसॅट' म्हणतात, ती १९४८ पासून चालू आहे. तिच्यातून बैठकव्यवस्थेची कोडी ऑगस्ट २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली आणि युक्तिवादाच्या प्रश्नांचे दोन विभाग गुणांस पात्र ठरले, याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्याकडे बँकांच्या परीक्षांनी हा साचा रुळविला, केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत 'सीसॅट'चा पेपर आणला, २०१३ साली राज्यसेवेने तोच कित्ता गिरविला. इतका इतिहास पुरे.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे वळतो. तीस वर्षे मी सांगत आलो आहे, आणि या वयात मत बदलण्याचा संभव नाही, की हे प्रकरण शिकविण्याची खरी किल्ली आपल्या मीमांसकांजवळ आहे, आणि तिचे नाव अर्थापत्ती. देवदत्त धष्टपुष्ट आहे, आणि तो दिवसा जेवत नाही, ही दोन्ही विधाने खरी मानल्यावर मनाला जी अडचण जाणवते, तिचे निवारण तो रात्री जेवतो असे मानल्यावाचून होत नाही. म्हणून ते मानावे लागते. या 'मानल्यावाचून होत नाही' या भावाला शास्त्रकारांनी अन्यथानुपपत्ती असा शब्द योजिला आहे, म्हणजे एरवी उपपत्ती न लागणे. एलसॅटच्या शिकवण्यांतून जी नकाराची कसोटी मोठ्या थाटाने शिकविली जाते, की पर्यायाचा नकार करून पाहा आणि युक्तिवाद कोसळला तर तेच गृहीतक समजा, ती या शब्दाहून काय वेगळी आहे? त्यातही कुमारिल भट्टांनी श्रुतार्थापत्ती म्हणून जो प्रकार वेगळा काढला, तो तर आमच्या प्रश्नपत्रिकेसाठीच निर्माण झाला असावा असे वाटते. 'दार' एवढाच शब्द कोणी उच्चारला असता ऐकणारा 'लाव' हा शब्द मनात जोडतो; कुमारिलांच्या मते तेथे शब्दाचाच अध्याहार होतो, प्रभाकरांच्या मते अर्थाचा. हा वाद मी वर्गात मांडला की मागच्या बाकावरची मुलेही जागी होतात, कारण दार उघडे असेल तरच 'लाव' सुचते, बंद असेल तर 'उघड' सुचते, आणि वाक्य पुरे करणारा शब्द प्रसंगाकडे पाहूनच ठरतो, हे त्यांचे त्यांना कळते.

नैयायिकांना हे स्वतंत्र प्रमाण मान्य नव्हते. त्यांनी ते केवलव्यतिरेकी अनुमानाच्या खाती जमा केले. पण त्यांच्याही घरात आमच्या कामाची दोन शस्त्रे आहेत. पहिले, पंचावयव वाक्यातला एखादा अवयव गाळणाऱ्या वादीला गौतमांनी 'न्यून' नावाच्या निग्रहस्थानात पकडले आहे. म्हणजे त्या सभेत न बोललेले गृहीतक ठेवणारा हरला, आणि आजचा प्रश्नकर्ता नेमके तेच जाणूनबुजून करून उमेदवाराला म्हणतो, शोध. दुसरे शस्त्र उपाधी. धूर दिसला की अग्नी आहे हे ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूरही असणार असे कोणी म्हणू लागला, तर त्याने ओल्या जळणाची अट मुकाट्याने आत घेतलेली असते. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लाल लोखंडी गोळा पाहा, अग्नी आहे, धूर नाही. मी एका वर्षी खरोखरच सगळा वर्ग लोहारवाड्यात नेला होता. प्राचार्यांनी त्याबद्दल कैफियत मागितली, ती मी लेखी दिली, आणि तीत काय लिहिलेले नव्हते ते त्यांनी शोधले नाही.

यावर एका विद्वान गृहस्थांनी छापील टीका केली होती की अर्थापत्ती वस्तुस्थितीची उपपत्ती लावते, गृहीतक युक्तिवादाला आधार देते, सबब हे साम्य केवळ स्वदेशाभिमानातून सुचलेले आहे. भेद आहे, हे मी तेव्हाही नाकारले नव्हते. पण देवदत्ताचे उदाहरण ऐकलेला मुलगा 'हे नसेल तर काय कोसळेल' हा प्रश्न विचारू लागतो, आणि त्या गृहस्थांची व्याख्या पाठ केलेला मुलगा व्याख्या पाठ म्हणतो, एवढे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

माझा खरा झगडा त्यांच्याशी नाहीच. तो आहे आजच्या शब्दपारधी संप्रदायाशी. सदाशिव पेठेतल्या कोणत्याही अभ्यासिकेत जा, भिंतीवर एक तक्ता आढळेल : पर्यायात 'सर्व', 'केवळ', 'प्रत्येक', 'निश्चितच' यांपैकी शब्द दिसला की तो पर्याय बाद. समजा ग्रामपंचायतीने फळ्यावर लिहिले, 'उद्यापासून नळाला एकदिवसाआड पाणी सुटेल, ग्रामस्थांनी पाणी साठवून ठेवावे.' यंदा पाऊस अपुरा झाला, हे येथे गृहीत नाही. पाऊस भरपूर होऊन पंप जळाला असला तरी सूचना उभीच राहते. ग्रामस्थांजवळ साठवणीची सोय आहे, हे गृहीत आहे. कोणाजवळच भांडे नसेल तर सूचनेला अर्थ उरत नाही. 'सर्व ग्रामस्थांजवळ पुरेशी सोय आहे' हे गृहीत नाही, कारण सर्वांचा नकार म्हणजे 'कोणाजवळच नाही' असे नव्हे, 'निदान एकाजवळ नाही' एवढाच, आणि एका म्हातारीजवळ एकच घागर असली म्हणून सूचना कोसळत नाही. येथे तक्तेवाला आणि मी एकाच उत्तराला येतो, आणि तो मला विचारतो की मग दीड मिनिट कशाला दवडावे? (ऐंशी प्रश्न आणि दोन तास, तेव्हा प्रश्नागणिक दीडच मिनिट मिळते, हे त्याचे म्हणणे खोटे नाही.)

पण दुसरे विधान घ्या : 'परीक्षागृहात छायाचित्राचे ओळखपत्र पाहूनच प्रवेश दिला जाईल, म्हणून आता एकही तोतया बसू शकणार नाही.' छायाचित्रावरून प्रत्येक तोतया ओळखता येतो, हे येथे गृहीत आहे की नाही? आहेच, एखादा जरी ओळखता येत नसेल तरी 'एकही नाही' हा दावा या उपायाच्या बळावर करता येत नाही. शब्दपारधी 'प्रत्येक' हा शब्द पाहून तो पर्याय खोडतो आणि गुण घालवतो. निष्कर्ष जितका हट्टी, तितके त्याचे गृहीतक हट्टी, हे शब्दांचा तक्ता सांगू शकत नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पुणे दरबाराला किती जेरीस आणले हे ज्यांनी वाचले आहे, त्यांना भाऊसाहेबांच्याच नावाच्या पेठेत हा प्रश्न चुकावा याचे माझ्याइतकेच वाईट वाटेल.

भाषेची हेळसांड हा आणखी एक विषय आहे; गृहीतक, गृहीतकृत्य आणि अनुमान हे तीन शब्द एकाच पानावर एकाच अर्थाने छापणारी मार्गदर्शके मी पाहिली आहेत. गृहीतक विधानाच्या मागे उभे असते आणि अनुमान विधानाच्या पुढे, इतका साधा दिशाभेद ज्या पुस्तकाला सांभाळता येत नाही, त्याच्यावर अधिक शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

दुसऱ्यांची उणीदुणी काढून झाल्यावर स्वतःचेही एक सांगितले पाहिजे. सराव परीक्षेसाठी मी एक प्रश्न रचला होता आणि त्याचा मला बराच अभिमान होता. विधान असे : 'शाळेने यंदा स्नेहसंमेलन सायंकाळऐवजी सकाळी घेण्याचे ठरविले आहे, म्हणजे अधिक पालकांना उपस्थित राहता येईल.' गृहीतके दोन : पालक सकाळी मोकळे असतात, पालकांची उपस्थिती शाळेला हवी आहे. माझ्या उत्तरपत्रिकेत दोन्ही गृहीत होती. धारूर तालुक्यातली एक मुलगी उभी राहिली. ओढणीच्या टोकाशी चाळा करीत, पण स्वच्छ आवाजात म्हणाली, "सर, पहिलं गृहीत नाही. सकाळी मोकळे असायची गरज नाही, संध्याकाळपेक्षा सकाळी थोडे जास्त मोकळे असले तरी भागतं." मी प्रश्न पुन्हा वाचला. तिचे बरोबर होते. 'अधिक' हा तुलनेचा शब्द मीच लिहिला होता आणि मीच विसरलो होतो. मी फळ्यावरचे उत्तर पुसले, पण ती बसली नाही. "आणि सर, एक गृहीतक तुम्ही लिहिलंच नाही." कोणते, मी विचारले. "पालक गावात असतात, हे. स्नेहसंमेलन डिसेंबरात. आमच्याकडे दिवाळी झाली की आई-बाप कोयते घेऊन कारखान्याच्या फडावर जातात, ते पाडव्याच्या सुमारास येतात. संमेलन सकाळी घ्या नाहीतर रात्री घ्या, आमच्या वर्गात आजीच यायची."

वर्गात कोणी हसले नाही. पुणे, सातारा, नाशिक येथली मुले तिच्याकडे वळून पाहत होती. मला मात्र कंदिलाच्या उजेडातला तो पालथा कागद आठवला. वडिलांनी मला जे शिकविले ते मी चाळीस वर्षे इतरांच्या अर्जांना लावीत आलो होतो, आणि माझ्या स्वतःच्या चार ओळींना ते लावायला ऊसतोड कामगाराची मुलगी यावी लागली. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर 'पालक गावात असणे' ही त्या विधानातली उपाधी होती, आणि मला तो लोखंडी गोळा दिसला नव्हता, कारण माझ्या गल्लीत लोहाराची भट्टी नव्हती.

पूर्वी सायंकाळच्या वर्गात एकेका विधानावर तासभर भांडण चाले. जोडधंदा म्हणून दूध घालणारा मुलगा आणि वकिलाचा मुलगा हमरीतुमरीवर येत, आणि त्या भांडणात दोघांचीही घरे उघडी पडत. आता मुले कानात दट्टे घालून मोबाइलवर एका मिनिटाच्या चित्रफिती पाहतात, त्यांत कोणी एक जण हातवारे करून 'तीन सेकंदांत उत्तर' देतो, आणि उत्तर चुकले तर भांडायला समोर कोणी नसते. केंद्रीय परीक्षेत २०१५ पासून सीसॅटचा पेपर केवळ तेहतीस टक्क्यांनी उत्तीर्ण होण्यापुरता उरला, तेव्हापासून तर पुष्कळजण हे प्रकरण सरळ सोडूनच देतात. दुसरीकडे तेहतीस टक्के भरतात म्हणे.

तो प्रश्न मी काढून टाकलेला नाही. 'मोकळे असतात' हे गृहीतक दुरुस्त केले आणि तिसरे गृहीतक जोडले : बहुतेक पालक त्या दिवसांत गावी असतात. पुण्याच्या वर्गात त्याच्यापुढे खूण करणारे दोघे-तिघे निघतात, बाकीचे त्याला अनावश्यक ठरवून पुढे जातात. गेल्या मार्गशीर्षात बीडच्या एका अभ्यासिकेत दोन दिवस जाऊन आलो. तेथे प्रश्न पुरता वाचून होण्याआधीच हात वर झाले, आणि मागून एकाने विचारले की संमेलन पाडव्यानंतर का घेत नाहीत, हा पर्याय कुठे आहे.