एकोणीस आणि वीस यांच्यामधली दरी

लष्करातून घरी परतताना जवानाच्या गुडघ्याला टक्के पडतात. रिलीज मेडिकल बोर्ड सांधा किती वाकतो, किती दुखतो हे पाहतं आणि एक आकडा लिहितं. त्याशेजारी दुसरा प्रश्न असतो: ही इजा सेवेमुळे झाली किंवा सेवेत बळावली, की वयाची झीज आहे?

खरी गंमत आकड्यात आहे. एकोणीस टक्के पडले तर अपंगत्वाचं पेन्शन शून्य. वीस पडले तर ते पन्नास धरले जातात! केंद्राच्या 2001 च्या आदेशानं पन्नासच्या आतला आकडा पन्नासवर नेला. आधी हे फक्त दुखण्यामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना होतं. 2014 मध्ये राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ते दिलं. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराचे तीस टक्के मिळतात. पगार 60,000 असेल तर वीस टक्क्यांचे 3,600 होतात, पन्नास धरले की 9,000. एका टक्क्यासाठी माणसं वर्षानुवर्षं का झगडतात, ते इथे कळतं.

झिजेच्या प्रश्नावर 2013 चा धरमवीर सिंह निकाल कामी येतो. खटला फिट्सचा होता, गुडघ्याचा नव्हे. पण तत्त्व सांध्यालाही लागू पडतं. भरतीच्या कागदांत दोष नोंदलेला नसेल आणि पुढे त्यापायी नोकरी सुटली, तर दुखणं सेवेचंच मानायचं. नाही म्हणणाऱ्या बोर्डानं कारणं द्यायची. मला हा उलटा न्याय फार आवडतो: सिद्ध करायचं ओझं लंगडणाऱ्याच्या खांद्यावर नाही.

धाराशिवच्या माजी सैनिकानं सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून करावी. नकाराचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं. तिथेही नाहीच झालं, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. धाराशिवपासून सुमारे 400 किलोमीटर. न्यायाधीश स्वतः गुडघा मोजत नाहीत, आकड्यावर वाद असेल तर पुष्कळदा नवं बोर्ड बसवायला सांगतात. म्हणून भरतीचा वैद्यकीय अहवाल, इजेची नोंद आणि बोर्डाचे कागद सोबत हवेतच. एक खबरदारी मात्र घ्या: 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत, त्यांनी वरचा हिशेब जसाच्या तसा धरू नये.